नऊचा फरक

बी.कॉम.च्या पहिल्या सेमिस्टरचं पुस्तक इंग्रजीत.
हुंशीकट्टी सर शिकवतात कन्नडमध्ये,
आणि मधेच माझ्याकडे बघून
एखादं वाक्य मराठीत टाकतात,
भाजीवाली मापावर दोन मिरच्या टाकते तसं.
मी ते वहीच्या कडेला लिहून घेते.
कडेची जागा संपत आलीय.

बाबांना जर्नल म्हटलं तर कळत नाही.
खानापुरात काजूच्या कारखान्यात दिवाणजी ते,
सत्तावीस वर्षं लाल कापडाच्या वहीत
रोजकीर्द, खतावणी, तेरीज.
घरचा फोन रात्री साडेनऊला येतो.
जेवलीस का, हे आई विचारते.
बाबा विचारतात, तेरीज जुळली का गं?

वडगावात, यंत्रमागांच्या खडखडाटावर एक खोली.
मी आणि शिवलीला मठद.
ती गोकाककडची. मराठी शिकली
खडेबाजारात ओढणीचा भाव करता करता.
मी कन्नड शिकले बसच्या पाट्यांवरून.
म्हणजे मला कुठे जायचं ते वाचता येतं
आणि तिला काय घ्यायचं ते मागता येतं.
खरं, बाकीचं सगळं
आम्ही हातवाऱ्यांवर भागवतो.

पुस्तकातल्या व्यापाऱ्याला गाव नाही,
बायको नाही, आजारपण नाही,
नुसतं भांडवल आहे.
आणि तरी तो सारखा उचल घेतो घरखर्चाला.
कुठलं घर रे तुझं, मी विचारते.
शिवलीला म्हणते, लिही की गं, परवा परीक्षा.

मी आकडे सांगायचे, तिनं मांडायचे.
साडेअकराला बेरीज केली.
डावीकडे चौऱ्याऐंशी हजार तीनशे नऊ.
उजवीकडे चौऱ्याऐंशी हजार तीनशे.
खालचे माग थांबले तेव्हा
नऊ रुपये एकदम मोठे वाटले.
मी देते माझ्या पर्समधून, शिवलीला म्हणाली,
झोपूया.

सरांनी सांगितलं होतं,
फरक सापडेना तर सस्पेन्स खात्यात टाका, पुढे बघू.
आपल्या भागात हे शिकवावं लागत नाही,
असं म्हणून स्वतःच हसले होते.
निम्मा वर्ग हसला.
निम्म्यांनी खिडकीबाहेर बघितलं.
मी कुठल्या निम्म्यात होते, आठवत नाही.

पुन्हा पहिल्यापासून.
भाडं. पगार. छपाई.
हमाली, मी म्हणाले, पंचेचाळीस.
आणि बघितलं,
तिचं पेन आधी पाचवर गेलं,
मग चारवर.
थांब.

पुन्हा म्हणून बघितलं, माझ्याच तोंडाकडे कान लावून.
पंचे. चाळीस.
आमच्यात एकक पुढे पळतं,
दशक मागून चपला घालत येतं.
तिच्यात नलवत्तैदु:
आधी चाळीस, मग पाच,
जसं दिसतं तसं.
एकोणीस वर्षं मी आकडे उलटे बोलत आलेय
आणि कुणी टोकलं नाही.
तिनं ऐकलं तसंच लिहिलं होतं.
चूक नेमकी कुणाच्या नावे टाकायची
यावर आम्ही थोडा वेळ भांडलो,
मग खोडरबर सापडेना म्हणून हसलो.

आता हमाली आली की मी कन्नडमध्ये सांगते,
चाचरत.
ती मुद्दाम मराठीत उलटून विचारते, पंचेचाळीस ना?
वेळ दुप्पट लागतो.
परवाच्या पेपरात तेवढा नसणार.

रात्री फोन.
तेरीज जुळली का गं?
जुळली. काल नऊचा फरक येत होता.
मग आकडा उलटा पडला असेल, बाबा लगेच म्हणाले,
नऊनं भाग जातोय म्हणजे उलटाच पडलेला असतो.
मी गप्प.
हे पुस्तकात एकशे बाराव्या पानावर आहे,
चौकटीत, इंग्रजीत.

तिकडून वही मिटल्याचा आवाज आला.
मग हळूच,
सांगत कोण होतं,
आणि लिहीत कोण होतं?